निवृत्तीचे नियोजन सातबाऱ्यापासून सुरू व्हावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात निवृत्तीनंतरच्या पैशाच्या नियोजनावर जे लेख येतात ते मी आवर्जून वाचतो आणि उपयोगी वाटलेली कात्रणे जपून ठेवतो. त्यांतला सल्ला चुकीचा नसतो. परंतु तो ज्या माणसासाठी लिहिलेला असतो त्याच्याकडे भविष्यनिर्वाह निधी, दोन-चार म्युच्युअल फंड आणि स्वतःच्या एकट्याच्या नावावरचा एक फ्लॅट असतो. आमच्या दक्षिण कोकणात, मंडणगडापासून दोडामार्गापर्यंत, साठी ओलांडलेल्या माणसाची मालमत्ता अशी नसते. चिऱ्याचे जुने घर असते, परसात दहा-बारा माड आणि पोफळी असतात, सड्यावर आजोबांच्या वेळची हापूसची कलमे असतात, मुंबईत कदाचित एखादी खोली असते, आणि या सगळ्यात त्याचे एकट्याचे नाव फारसे कुठे नसते. पोस्टात किंवा बँकेत ठेवलेली रक्कम हा त्या मालमत्तेचा लहानसा भाग. गेल्या दोन वर्षांत करनियम ज्या रीतीने बदलले त्याचा मोठा परिणाम आमच्याकडे मुदत ठेवीवर नव्हे, तर या घराजमिनीवर होणार आहे, आणि त्याबद्दल आमच्या भागातल्या ज्येष्ठांना समजेल असे कोणी बोलत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी टपाल खात्यातून निवृत्त झालो. नोकरीची बहुतेक वर्षे रत्नागिरी जिल्ह्यातल्या लहान कार्यालयांत गेली, त्यामुळे कागद वाचण्याची आणि फॉर्म भरून देण्याची सवय लागली, ती अजून सुटलेली नाही. मार्च-एप्रिलमध्ये आणि गणपतीच्या आसपास माझ्या ओटीवर रोज कोणी ना कोणी पिशवीत कागद घेऊन येते. मी करसल्लागार नाही. जिथे माझी समज संपते तिथे मी माणसाला सनदी लेखापालाकडे किंवा वकिलाकडे पाठवतो. परंतु बहुतेक माणसे त्यांच्याकडे जातात तोवर व्यवहार होऊन गेलेला असतो.

सर्वांत मोठा गैरसमज बारा लाखांचा आहे. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही, ही बातमी घरोघरी पोचली आणि ती खोटीही नाही. पण ही माफी म्हणजे १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातल्या कलम ८७-अ ची ६०,००० रुपयांपर्यंतची सूट आहे, आणि जमीन किंवा घर विकून झालेल्या भांडवली नफ्यावरच्या कराला ती लागू नाही, हे बातमीबरोबर पोचले नाही. महिना ३०,००० रुपये निवृत्तिवेतन घेणाऱ्या माणसाचे उदाहरण घेऊ. वर्षाचे ३,६०,०००, त्यातून ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली की २,८५,००० उरतात. एरवी त्याला कर नाही. त्या वर्षी त्याने घराचा आपला हिस्सा विकला आणि ८,००,००० रुपये नफा झाला, तर ज्या चार लाखांपर्यंत करच लागत नाही त्या मूळ मर्यादेतली उरलेली १,१५,००० ची जागा नफ्यातून वजा करता येते, आणि राहिलेल्या ६,८५,००० वर साडेबारा टक्क्यांनी ८५,६२५ रुपये आणि उपकर धरून ८९,०५० रुपये कर येतो. एकूण उत्पन्न बारा लाखांच्या आतच आहे, तरीही येतो. निवृत्तिवेतन यापेक्षा बरे असेल आणि नफा मिळवून बेरीज बारा लाखांच्या पुढे गेली, तर एरवी माफ होणारा निवृत्तिवेतनावरचा करही त्या वर्षी भरावा लागतो.

याच गैरसमजातून दुसरी चूक होते. एप्रिल आला की ज्येष्ठ माणसे बँकेत जाऊन व्याजातून कर कापू नये म्हणून द्यायचा फॉर्म (१९६१ च्या कायद्यातला १५-एच) सवयीने देतात. व्याजावरील करकपातीची मर्यादा ज्येष्ठांसाठी १ एप्रिल २०२५ पासून ५०,००० वरून एक लाख झाली आणि ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत २०२३ पासून तीस लाखांपर्यंत ठेवता येतात. २०२५-२६ च्या ८.२ टक्के दराने तीस लाखांवर वर्षाला २,४६,००० रुपये व्याज होते, म्हणजे फॉर्म द्यावासा वाटणे साहजिक आहे. परंतु तो फॉर्म म्हणजे ‘या वर्षी मला एकूण कर शून्य आहे’ असे सहीनिशी दिलेले निवेदन असते. ज्या वर्षी घर विकायचे ठरले आहे त्या वर्षी ते बहुधा खरे राहत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण तिची भीती आमच्या पिढीच्या मनातून अजून गेलेली नाही. वारसाने मिळालेल्या मालमत्तेवर, ती मिळाली म्हणून, आपल्या देशात आज कर नाही. मृत्युकर १९८५ मध्ये रद्द झाला आणि नवरा-बायको, मुले, भावंडे यांच्यातल्या बक्षिसावर प्राप्तिकर नाही. कर येतो तो वारसाने पुढे ती मालमत्ता विकली म्हणजे, आणि तो किती येणार हे विकणाऱ्याच्या हातातल्या कागदांवर ठरते.

हे कसे घडते ते आमच्या वाडीतल्या एका काकूंच्या उदाहरणावरून सांगतो. त्यांच्या सासऱ्यांनी घेतलेले एक घर शेजारच्या वाडीत आहे. सासरे १९९६ मध्ये वारले, यजमान २०१२ मध्ये. आज त्या घरात निम्मा हिस्सा काकूंचा आणि निम्मा मस्कतला असलेल्या दिरांचा. पंधरा लाखांना गिऱ्हाईक आले, तेव्हा काकू पत्र्याची पेटी उघडून बसल्या. जुन्या पंचांगाच्या पानांत गुंडाळलेली घरपट्टीच्या पावत्यांची चळत, दोऱ्याने बांधलेली, वरची पावती १९८९ ची. त्याखाली ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा, म्हणजे घराच्या नोंदीचा कागद, त्यावर अजून सासऱ्यांचेच नाव. आणि तळाशी एक मोडीतले खरेदीखत, जे घरात कोणालाच वाचता येत नव्हते. काकू म्हणाल्या, “भाऊ, हे टाकायचं म्हणून दोनदा बाहेर काढलं होतं.” ते टाकले नाही हे त्यांचे भाग्य.

२३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पाने जमीन आणि घर यांच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावरचा कर वीस टक्क्यांवरून साडेबारा टक्के केला, मात्र त्याबरोबर महागाईच्या निर्देशांकानुसार मूळ किंमत वाढवून धरण्याची सोय काढून घेतली. त्यावर ओरड झाली आणि पुढे दुरुस्ती आली की, त्या तारखेपूर्वी घेतलेल्या जमीन-घरासाठी भारतात निवासी असलेल्या व्यक्तीला आणि हिंदू अविभक्त कुटुंबाला जुन्या पद्धतीने कर कमी येत असेल तर तेवढाच द्यावा लागेल. मालमत्ता १ एप्रिल २००१ पूर्वीची असेल तर त्या दिवशीची बाजारकिंमत मूळ किंमत म्हणून धरता येते, मात्र ती त्या दिवशीच्या मुद्रांक शुल्काच्या मूल्यापेक्षा जास्त धरता येत नाही. वारसाला पूर्वीच्या मालकाची किंमत आणि त्याचा ताब्याचा काळ दोन्ही मिळतात. आता काकूंच्या घराची २००१ ची किंमत तीन लाख धरू. २००१ चा महागाई निर्देशांक १०० धरतात आणि २०२५-२६ चा ३७६ आहे, म्हणजे ती किंमत वाढून ११,२८,००० होते. पंधरा लाखांतून ती वजा केली की ३,७२,००० नफा आणि वीस टक्क्यांनी ७४,४०० रुपये कर. नव्या पद्धतीने नफा बारा लाख आणि साडेबारा टक्क्यांनी दीड लाख रुपये. निम्म्या हिश्श्यावर काकूंना जुन्या पद्धतीने ३७,२०० रुपये येतात, आणि त्यांचे इतर उत्पन्न नगण्य असल्याने मूळ मर्यादेतली मोकळी जागाही त्यांच्या उपयोगी पडते. दिरांना मात्र त्याच घराच्या त्याच निम्म्या हिश्श्यावर ७५,००० रुपये आणि उपकर, कारण अनिवासी भारतीयाला जुन्या पद्धतीचा पर्यायही नाही आणि मूळ मर्यादेचा आधारही नाही. शिवाय अनिवासी माणसाकडून घेणाऱ्याने रक्कम कितीही असली तरी कर कापून भरायचा असतो. निवासी विक्रेत्याच्या बाबतीत ही कपात एक टक्का असते आणि ती पन्नास लाखांच्या व्यवहारापासून सुरू होते. गावातल्या गिऱ्हाइकाला हे ठाऊक नसते आणि नोटीस आली की ती त्याला येते.

प्रत्येक ठिकाणी जुनी पद्धतच फायद्याची असे नाही. समुद्रासमोरचा भूखंड २००१ मध्ये तीन लाखांचा होता आणि आज पंचेचाळीस लाखांना जात असेल, तर साडेबारा टक्क्यांनी ५,२५,००० रुपये आणि जुन्या पद्धतीने ६,७४,४०० रुपये कर होतो. साधारणपणे किंमत २००१ च्या आठ पटींच्या पुढे गेली असेल तर नवा दर परवडतो, त्याच्या आत असेल तर जुना. पर्यटनामुळे भाव चढलेल्या किनाऱ्यावरच्या चार गावांना नवा नियम सोयीचा आहे. आतल्या खोऱ्यांतली घरे, जिथे भाव फारसे चढलेच नाहीत आणि जिथे म्हातारी माणसे एकटी राहतात, त्यांना जुन्या पद्धतीचा आधार लागतो, आणि २००१ च्या किमतीचा पुरावा नसेल तर तो आधार हातात राहत नाही. नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा दाखला, त्या वर्षीचा शासकीय मूल्यदर, घरपट्टीची पावती, असेसमेंट उतारा, मूळ खरेदीखत हे सगळे यासाठी लागते. मोडी वाचून देणारी माणसे आज मोजकी उरली आहेत, तेव्हा ज्यांच्या घरी असे कागद आहेत त्यांनी त्यांचे लिप्यंतर करून घेण्याचे काम पुढच्या पिढीवर टाकू नये.

शेतजमिनीचा विचार वेगळा करावा लागतो, आणि इथे आमच्याकडे सर्वांत जास्त नुकसान होते. ग्रामीण भागातली शेतजमीन ही प्राप्तिकराच्या व्याख्येत भांडवली मालमत्ताच नाही, म्हणून ती शेतजमीन म्हणून विकली तर नफ्यावर कर नाही. ग्रामीण म्हणजे काय हे अंतरावर आणि लोकसंख्येवर ठरते. दहा हजार ते एक लाख वस्तीच्या नगरपालिकेच्या हद्दीतली आणि हद्दीपासून दोन किलोमीटरच्या आतली जमीन शहरी धरतात, एक ते दहा लाख वस्तीला सहा, त्यापुढे आठ, आणि हे अंतर रस्त्याने नव्हे तर सरळ रेषेत मोजतात. मुंबई-पुण्याचे गिऱ्हाईक बहुधा शेतकरी नसते आणि शेतकरी नसलेल्याला आपल्या राज्यात शेतजमीन सहज घेता येत नाही, म्हणून मध्यस्थ सांगतो की आधी तुम्ही जागा बिनशेती करून द्या, मग भाव चांगला येईल. भाव चांगला येतो हे खरे. पण जमीन बिनशेती झाली की करमाफी गेली, ही गोष्ट त्या वेळी सांगितली जात नाही, आणि वाढलेल्या भावातून बिनशेतीचा खर्च, मध्यस्थाचे पैसे आणि कर वजा केल्यावर मालकाच्या हातात किती राहिले याचा हिशेब नंतर कोणी करत नाही. मी अशी तीन घरे जवळून पाहिली आहेत. तिन्ही ठिकाणी विकणारा सत्तरीच्या पुढचा होता.

लोकसंख्या मोजायची ती शेवटच्या प्रसिद्ध जनगणनेप्रमाणे, आणि ती अजून २०११ चीच आहे. तिच्यानुसार रत्नागिरी शहरसुद्धा लाखाच्या आत आहे. आता २०२७ ची जनगणना होत आहे. तिचे आकडे प्रसिद्ध झाले की दहा हजारांच्या किंवा लाखाच्या उंबरठ्यावर असलेल्या आमच्या गावांभोवतीची दोन किलोमीटरची रेषा सरकू शकते, म्हणजे जमीन तिथेच राहील, कलमे तीच राहतील आणि कराच्या दृष्टीने ती ग्रामीणची शहरी होईल. ज्यांचा विकण्याचा विचार ठरलेला आहे त्यांनी शहरापासूनचे आपले अंतर मोजून, तसा दाखला घेऊन ठेवावा.

यात आणखी भर म्हणजे १९६१ चा प्राप्तिकर कायदा जाऊन १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५ लागू होत आहे. बहुतेक तरतुदी त्याच आहेत, परंतु कलमांचे क्रमांक बदलतात आणि ‘आकारणी वर्ष’ हा शब्द जाऊन ‘कर वर्ष’ येते. आमच्यासारख्या ज्यांनी वर्षानुवर्षे ८०-सी आणि ५४ हे कलमांचे आकडे पाठ केले, त्यांची या वयात धांदल उडणार हे उघड आहे.

पण या सगळ्याच्या आधी एक अडचण आहे, ती करकायद्याची नाही. विकायचे की ठेवायचे, मुलाला द्यायचे की मुलीला, हे ठरवण्यापूर्वी ती जमीन कागदावर आपली असावी लागते. आमच्याकडे एका सामाईक सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावे ही नवलाची गोष्ट नाही. त्यातली काही माणसे मी लहान असतानाच वारली होती. प्रत्येक पिढीत वारस नोंद राहून गेली, मुंबईला गेलेल्या चाकरमान्याला तलाठ्याकडे जायला सवड झाली नाही, आणि आता एका नावामागे नऊ वारस उभे आहेत, त्यांतले दोघे कुठे असतात ते कोणालाच ठाऊक नाही. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात जमीन गेली तेव्हा किती घरांचा मोबदला केवळ या वारसांच्या घोळात अडकला हे आमच्या भागात सर्वांनी पाहिले आहे. राज्य सरकारने २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम हाती घेऊन मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावायला सुरुवात केली, ती अतिशय योग्य होती, आणि तिचा लाभ आमच्या वाडीतल्या चार घरांना झालेला मी स्वतः पाहिला. शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी माफ करण्याचा निर्णयही त्याच वर्षी झाला. परंतु नाव लागणे ही पहिली पायरी आहे. त्यापुढे वाटप, खातेफोड (प्रत्येकाचे खाते वेगळे करणे), हक्कसोडपत्र (आपला हिस्सा सोडल्याचा दस्त), मृत्युपत्र हे सगळे माणूस जिवंत आणि धडधाकट असेपर्यंतच होऊ शकते.

हक्कसोडपत्राबद्दल मला मनापासून काही सांगायचे आहे. माहेरवाशीण गौरी-गणपतीला येते, तिची ओटी भरली जाते आणि जेवणानंतर तिच्यापुढे कागद ठेवला जातो. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू घरातल्या मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क दिला, आणि दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये सांगितले. तिने राजीखुशीने हक्क सोडला तर कोणाची तक्रार नसावी. पण तिला हक्क किती, त्याची आजची किंमत काय, हे सांगून मगच सही मागावी. विनामोबदला हक्कसोडपत्राला मुद्रांक नाममात्र असतो, जरी ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा अनेक दस्तांचे शंभर-दोनशेचे मुद्रांक पाचशेवर गेले. मात्र बहिणीला पैसे देऊन हक्क सोडवून घेतला तर तो विक्रीसारखाच व्यवहार होतो, त्यावर मुद्रांक वेगळा आणि बहिणीला भांडवली नफ्याचा करही येतो. पैसे रोखीत देऊन कागदावर ‘विनामोबदला’ लिहिण्याची जी पद्धत पडली आहे तिने बहिणीचेच नुकसान होते, कारण पुढे तिच्या हातात दाखवायला काहीच राहत नाही.

मुलांच्या नावावर आताच करून टाकावे असे अनेकांना वाटते. राहते घर किंवा शेतजमीन जोडीदाराला, मुलांना, नातवंडांना बक्षीस द्यायला आपल्या राज्यात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, बाकीचा अधिभार आणि खर्च वेगळा. खर्च कमी म्हणून हा मार्ग मोहात पाडतो. माझे मत याच्या विरुद्ध आहे. बक्षीसपत्र एकदा नोंदले की ते साधेपणाने मागे घेता येत नाही, आणि उतारवयात डोक्यावरचे छप्पर दुसऱ्याच्या मर्जीवर ठेवणे कुणाच्याही हिताचे नाही. द्यायचेच असेल तर त्यात ‘देणाऱ्याचा आजन्म सांभाळ करावा’ ही अट स्पष्ट लिहावी. तशी अट मोडली तर ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ खाली प्रांताधिकाऱ्यांकडे दाद मागता येते. अन्यथा मृत्युपत्र करावे. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे पण करून ठेवलेली बरी, दोन साक्षीदार लागतात आणि हवे तेव्हा बदलता येते. मात्र मृत्युपत्राने माणूस आपल्या हिश्श्यापुरतेच बोलू शकतो, आणि आमच्या किनाऱ्यावरच्या मुस्लिम कुटुंबांत वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापलीकडे तसे देता येत नाही. म्हणून हिस्सा आधी निश्चित व्हायला हवा.

नामनिर्देशनाबद्दल माझ्या हातून झालेली चूक इथे लिहिणे मला कर्तव्य वाटते. माझ्या थोरल्या बंधूंच्या ठेवींवर धाकट्या पुतण्याचे नाव नॉमिनी म्हणून मीच लावून दिले होते, कारण तो गावात असे आणि धावपळ तोच करणार होता. बंधू गेले, रक्कम त्याच्या हाती आली आणि ती आपलीच असे त्याने मनापासून धरले. नॉमिनी हा रक्कम स्वीकारणारा विश्वस्त असतो, मालक वारसच असतात, आणि शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितले. हे मला ठाऊक होते, पण ते मी बंधूंना समजावून मृत्युपत्र करायला लावले नाही. बंधूंच्या दोन मुली आणि तो पुतण्या यांच्यात आज बोलणे नाही, आणि घरचा गणपती दोन ठिकाणी बसतो. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी लावून प्रत्येकाचा वाटा लिहिता येतो. ही सोय वापरावी, पण तीवर थांबू नये.

आता माझी मागणी, जी आपल्या दैनिकाने महसूल आणि नोंदणी खात्यांपर्यंत पोचवावी अशी विनंती आहे. सामाईक सातबाऱ्यावरची सगळी माणसे वर्षातून एकदाच एका गावात असतात, ती गणपतीत. त्या आठवड्यात आमच्या तालुक्यांतली दुय्यम निबंधक कार्यालये आणि तलाठी सजे यांनी चतुर्थीचा आणि विसर्जनाचा दिवस सोडून पूर्ण वेळ उघडे राहावे, वाटणीपत्र, हक्कसोडपत्र, मृत्युपत्र आणि वारस नोंद यांच्यासाठी वेगळी खिडकी ठेवावी, आणि अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या घरी जाऊन नोंदणी करून घेण्याची जी तरतूद कायद्यात आहे ती त्या दिवसांत प्रत्यक्षात राबवावी. परदेशातून आलेल्या भावाची रजा आठ-दहा दिवसांची असते. तो परत गेला की वकिलातीतून कुलमुखत्यारपत्र, ते इथे आल्यावर तीन महिन्यांत मुद्रांकित करणे, हा फेरा सुरू होतो. दुसरे असे की, २००१ सालचे गावनिहाय मूल्यदर प्रत्येक तालुक्याच्या नोंदणी कार्यालयात मराठीत लावलेले असावेत आणि मागणी करताच त्यांची साक्षांकित प्रत मिळावी. सरकारनेच त्या दराची मर्यादा घातली आहे, तेव्हा तो दर नागरिकाला सहज दाखवणे हे सरकारचेच काम आहे.

काकूंचे दीर यंदा गणपतीला मस्कतहून येणार आहेत. विक्रीच्या कागदावर दोघांच्या सह्या लागतील, असेसमेंट उताऱ्यावरचे सासऱ्यांचे नाव त्याआधी बदलावे लागेल, मोडीतल्या खरेदीखताचे लिप्यंतर आम्ही करायला दिले आहे. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडे असेल का, एवढेच काकू मला दर आठवड्याला विचारतात.

आपला नम्र,
एक निवृत्त टपाल कर्मचारी,
जि. रत्नागिरी